जीआरईचा स्कोअर अडकलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआरई म्हणजे मुख्यतः परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्या तयारीत पहिल्या महिन्यात स्कोअर भराभर चढतो, मग एका आकड्यावर ठाण मांडून बसतो. अभ्यासाचे तास वाढवले तरी ढिम्म. या टप्प्यावर पडणारे प्रश्न बहुतेकांचे सारखेच असतात. खालची उत्तरं 22 सप्टेंबर 2023 पासून सुरू झालेल्या आखूड जीआरईला धरून दिली आहेत.

मॉक टेस्टमध्ये 312, मग 314, मग 311. मी अडकलोय का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. हे आकडे व्हर्बल (इंग्रजी) आणि क्वांट (गणित) यांची बेरीज आहेत. दोन्हींचा स्कोअर 130 ते 170 असतो आणि प्रत्येकात प्रश्न फक्त 27. दोन अंदाज बरोबर लागले की आकडा वर जातो, दोन हुकले की खाली येतो. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतःच सांगते की एकाच क्षमतेच्या माणसाचा एका विषयातला स्कोअर दोनेक गुण इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे 311 आणि 314 हा तुमच्यासाठी एकच स्कोअर आहे. 314 ला पेढे वाटू नका आणि 311 ला रात्र जागून काढू नका.

अडकलोय असं कधी म्हणायचं? चार-पाच आठवड्यांत तीन-चार मॉक दिल्या, मध्ये खरोखर अभ्यास केला आणि तरी सरासरी जागची हलली नाही, तेव्हा. एकाच आठवड्यात तीन मॉक देऊन स्कोअर तोच आला, तर तो अडकलेला नाही, तुम्ही एकच गोष्ट तीनदा मोजलीत. दर तासाला थर्मामीटर लावून ताप उतरत नाही.

आणखी एक पथ्य पाळा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॉकचे आकडे एका ओळीत लिहून आलेख काढू नका. कुणाचं क्वांट मुद्दाम अवघड असतं, कुणाचं व्हर्बल विचित्र. तुलना करायची तर ईटीएसच्याच पॉवरप्रेप मॉकची आपसात करा.

रोज चार-चार तास बसतोय. तरी स्कोअर का हलत नाही?

कारण सुरुवातीची वाढ स्वस्त असते. प्रश्नांचे प्रकार कळले, शाळेतलं विसरलेलं गणित परत आठवलं, एवढ्यावरच बरेच गुण मिळतात. ते संपल्यावर जे गुण उरतात ते "येत नाही" या खात्यातले कमी आणि "येतं, पण जातं" या खात्यातले जास्त असतात. अभ्यास मात्र पहिल्याच खात्याचा चालू राहतो. तेच पुस्तक तिसऱ्यांदा, तेच व्हिडिओ दुप्पट वेगाने.

मागची मॉक काढा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर खूण करा. मुळात येत नव्हतं, येत होतं पण चुकलं, की वेळच उरला नाही? मग बरोबर आलेल्या प्रश्नांमधूनही नुसत्या अंदाजाने लागलेले वेगळे काढा. हे चौथं खातं बहुतेक जण उघडतच नाहीत आणि सगळ्यात जास्त फसवतं तेच. समजा क्वांटमध्ये 27 पैकी 19 बरोबर आले. चुकलेल्या आठांत दोन खरोखर न येणारे, चार वाचण्यातले घोटाळे, दोन न पोचलेले. बरोबर आलेल्या 19 मध्ये तीन अंदाज. आता सांगा, या माणसाने परम्युटेशनचा आख्खा धडा पुन्हा करून काय होणार? त्याचा रोग वाचण्यात आहे.

माझा अनुभव असा की ही वाटणी केल्यावर माणूस आधी खट्टू होतो, मग सुटल्यासारखा दिसतो. खट्टू एवढ्यासाठी की "सिली मिस्टेक" म्हणून झटकलेल्या चुका मोजल्यावर सिली राहत नाहीत. दर मॉकमध्ये चार चुका त्याच जातीच्या होत असतील, तर ती तुमची सवय झाली.

चुकांची वही ठेवतोय, पण उपयोग दिसत नाही.

त्या वहीत बहुधा उत्तरं उतरवलेली असतात. सुवाच्य अक्षरात, दोन रंगांत. असा नीटनेटका उतारा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, कारण उत्तर वाचताना सगळंच पटतं.

वहीत यायला हवी ती नेमकी जागा, जिथे तुम्ही चुकीच्या रस्त्याला लागलात. दोन खऱ्या नोंदी देतो. पहिली: "7 ने भागल्यावर बाकी 3 उरते अशी सर्वात लहान धन संख्या विचारली. मी 10 पासून सुरुवात केली. 3 ला 7 ने भागलं तरी बाकी 3 च." दुसरी: "18 ते 75, दोन्ही धरून, किती पूर्णांक? 57 लिहिलं. वजाबाकीत एक मिळवायचा राहिला, उत्तर 58." प्रत्येक नोंदीखाली पुढच्या वेळेसाठी एक ओळ असावी आणि ती आज्ञेसारखी असावी. "दोन्ही धरून दिसलं की अधिक एक." "यापुढे नीट वाचेन" ही सूचना नव्हे, तो नवस झाला.

उत्तर पाहण्याआधी एक पायरी आहे, ती गाळू नका. मॉक संपली की चुकलेले आणि शंका असलेले प्रश्न टायमर न लावता, उत्तर न बघता पुन्हा सोडवा. आता सुटला, तर ज्ञान होतं पण वेळ किंवा लक्ष कमी पडलं. आताही नाही सुटला, तर तो धडा खरंच कच्चा आहे. वरची खाती भरायला याहून सोपी चाचणी मला माहीत नाही. यात मॉकइतकाच, कधी दुप्पट वेळ जातो, आणि तो गेलाच पाहिजे. तेच प्रश्न आठ-दहा दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा घ्या.

माझं गणित चांगलं आहे, तरी क्वांट 161-162 च्या पुढे जात नाही.

गणित चांगलं असणाऱ्यांचंच हे गाऱ्हाणं जास्त असतं. जीआरईचं गणित शाळेपलीकडे जात नाही. ते अवघड होतं अटींमुळे, आणि गणितात मुरलेला माणूस अटी वाचण्याआधीच समीकरण मांडून मोकळा होतो.

तुलनेच्या प्रश्नात, म्हणजे क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझनमध्ये, एका बाजूला क्षचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला क्ष असतो. अट एवढीच की क्ष धन आहे. घाईत वर्ग मोठा वाटतो. पण क्ष अर्धा घेतला तर वर्ग पाव होतो आणि क्ष 1 घेतला तर दोन्ही बाजू सारख्या. म्हणून उत्तर "सांगता येत नाही". इथे 0, 1, ऋण संख्या, अपूर्णांक आणि एखादी मोठी संख्या घालून बघणं ही रोजची सवय व्हायला हवी, अर्थात अट परवानगी देईल तिथेच. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. "पूर्णांक" लिहिलेलं असताना अर्धा घालणारे आणि न लिहिलेलं असताना पूर्णांक गृहीत धरणारे, दोघांचेही गुण सारखेच जातात.

भूमितीच्या आकृत्या मापात काढलेल्या असतीलच असं नाही. काटकोन दिसतोय म्हणून तो काटकोन नसतो. आलेख, संख्यारेषा आणि निर्देशांकांच्या आकृत्या मात्र मापात असतात, त्यावर नजरेचा अंदाज चालतो. आलेखांच्या प्रश्नांत टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत तपासा. 20 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर जाणं म्हणजे 5 टक्केबिंदूंची, पण 25 टक्क्यांची वाढ.

हे सगळं तुम्हाला माहीतच असेल. 168 वाला आणि 162 वाला यांच्यातला फरक बहुतेकदा माहितीचा नसतो. 168 वाला उत्तर निवडण्याआधी प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाचतो, कारण विचारलेलं असतं "क्ष अधिक 2" आणि पर्यायांत क्षची किंमतही मुद्दाम ठेवलेली असते.

पहिला सेक्शन बिघडला की सगळं संपतं, हे खरं का?

अर्धं खरं. पहिल्या सेक्शनमधल्या कामगिरीवरून त्याच विषयाचा दुसरा सेक्शन किती अवघड येणार ते ठरतं. पहिला फारच वाईट गेला तर दुसरा सोपा येतो आणि मग सगळं बरोबर केलं तरी अगदी वरचे आकडे हाती लागत नाहीत.

पण यातून लोक चुकीचा धडा घेतात. पहिल्या सेक्शनमध्ये इतके जपून चालतात की शेवटचे तीन प्रश्न राहून जातात. एका सेक्शनमध्ये सगळ्या प्रश्नांचं वजन सारखं असतं. सर्वात अवघड प्रश्नाला वेगळं बक्षीस नाही, म्हणून चार मिनिटं खाणारा प्रश्न सोडून पुढचे दोन सोपे घेणं हाच व्यवहार. आणि दुसरा सेक्शन सोपा वाटतोय की अवघड, यावरून परीक्षेत बसल्या बसल्या आपला निकाल लावू नका. ते तिथे कुणालाच नीट कळत नाही.

वेळच पुरत नाही. वेग कसा वाढवू?

आधी हिशेब बघा. क्वांटच्या पहिल्या सेक्शनला 12 प्रश्नांसाठी 21 मिनिटं, दुसऱ्याला 15 प्रश्नांसाठी 26. म्हणजे प्रश्नामागे पावणेदोन मिनिटं. व्हर्बलला 12 साठी 18 आणि 15 साठी 23, म्हणजे साधारण दीड मिनिट.

वेग वाढवायच्या मागे लागू नका, सोडायला शिका. अडकलेल्या उमेदवाराचा प्रत्येक प्रश्नावरचा वेळ लिहून काढला तर बहुतेक प्रश्न वेळेत झालेले दिसतात. दोन-तीन प्रश्न मात्र चार-पाच मिनिटं गिळून बसतात आणि तेही बहुधा चुकतात. "एवढा वेळ घातलाय तर आता सोडवतोच" ही जिद्द इथे महाग पडते. दीड मिनिटाला स्वतःला विचारा, पुढची पायरी दिसतेय का? दिसत नसेल तर एखादा पर्याय निवडा, मार्क करा आणि पुढे चला. सेक्शन संपण्याआधी मार्क केलेल्यांकडे परत येता येतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा राहता कामा नये.

हे घरी मुद्दाम घोटवावं लागतं. 12 प्रश्नांचा संच घ्या आणि स्वतःला सक्ती करा की यातले दोन सोडायचेच. कुठले दोन, ते ओळखणं हाच तेवढ्यापुरता अभ्यास.

हजारावर शब्द पाठ केले, तरी व्हर्बल जिथल्या तिथे.

शब्द पाठ झाले म्हणजे त्यांचा एकेक अर्थ पाठ झाला. जीआरईला ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ फार आवडतो. "क्वालिफाय" म्हणजे पात्र ठरणं सगळ्यांना येतं, पण विधानाला मर्यादा घालणं हाही त्याचाच अर्थ. "चेक" म्हणजे रोखणं, "टेम्पर" म्हणजे सौम्य करणं, "फ्लॅग" म्हणजे थकून ढिलं पडणं, "वाँट" म्हणजे अभाव. "सँक्शन" तर परवानगीही आहे आणि निर्बंधही.

दुसरी जात आवाजाने फसवणाऱ्यांची. "एनर्व्हेट" ऐकताना ऊर्जा वाटते, अर्थ नेमका उलटा, शक्ती काढून घेणं. "नॉयसम" चा गोंगाटाशी संबंध नाही, तो घाणेरड्या वासाला किंवा अपायाला लागतो. "रेस्टिव्ह" मध्ये विश्रांती नाही, चुळबुळ आहे. "डिसइंटरेस्टेड" म्हणजे काटेकोर इंग्रजीत निःपक्ष, कंटाळलेला नव्हे. असे शब्द यादीत वरच्या बाजूला हवेत, बाकीचे मग.

पण खरं सांगायचं तर 155 च्या आसपास अडकलेल्यांचे गुण बऱ्याचदा शब्दांमुळे जात नाहीत. ते पर्याय आधी बघतात. टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये पर्याय हाताने झाका आणि रिकाम्या जागेत स्वतःचा शब्द बसवा, मराठीत बसला तरी चालेल. वाक्यात "तरी", "उलट", "इतकंच काय" या अर्थाचा सांधा कुठे आहे ते शोधा. रिकामी जागा मागच्या अर्ध्याच्या बाजूची की विरुद्ध, हे तोच सांगतो. दोन-तीन रिकाम्या जागा असल्या तर पहिलीपासून सुरुवात करायची सक्ती नाही, सर्वात पक्की जी वाटते ती आधी भरा. सगळ्या बरोबर आल्या तरच गुण मिळतो.

सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये, म्हणजे एकाच रिकाम्या जागेसाठी दोन शब्द निवडायच्या प्रश्नात, दोन सापळे नेहमीचे. एक समानार्थी जोडी असते जी वाक्यात बसत नाही, आणि एक चपखल शब्द असतो ज्याला जोडीदारच नसतो. दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ एकच राहायला हवा.

पॅसेज समजतो, पण दोन पर्यायांत अडकून नेहमी चुकीचाच निवडतो.

मग तुम्ही बरोबर पर्याय शोधताय. चुकीचा शोधा. उरलेल्या दोनांपैकी एकात बहुधा एखादा असा शब्द असतो ज्याला पॅसेजमध्ये आधार नाही. "काही" चं "सर्व" झालेलं असतं, "सूचित होतं" चं "सिद्ध होतं", किंवा कारण आणि परिणाम यांची अदलाबदल. जगात खरं असलेलं पण पॅसेजमध्ये नसलेलं विधान तर हुशार वाचकाला हमखास गंडवतं. ज्या विषयाचं तुमचं वाचन आहे, त्याच विषयाच्या पॅसेजमध्ये जास्त सावध राहा. पर्यायातल्या प्रत्येक दाव्यासमोर पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.

एकेक धडा पक्का करू की सगळं मिसळून सोडवू?

अडकलेल्या टप्प्यावर मिसळून. एकाच धड्याचे 30 प्रश्न ओळीने सोडवताना कुठलं सूत्र लावायचं हे आधीच माहीत असतं. परीक्षेत नेमकं तेच कुणी सांगत नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये छापलेल्या गणिताच्या प्रयोगात मिसळून सराव करणारे सरावात मागे पडले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे गेले. मिसळलेला सराव करताना आपण घसरलोय असं वाटतं, तेव्हा हे आठवावं.

शब्दांनाही हेच. यादी पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पान झाकून आठवा. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःला तपासणारे.

मॉक किती द्यायच्या? जुन्या पुस्तकांचं काय?

दहा दिवसांतून एक पुरे. पॉवरप्रेपच्या दोन मॉक मोफत आहेत आणि पैसे भरून आणखी काही मिळतात, पण साठा मर्यादित आहे. त्या पहिल्याच महिन्यात उधळल्या तर शेवटी मोजायला पट्टीच उरत नाही.

2023 च्या आधीची अधिकृत पुस्तकं फेकू नका. व्हर्बल आणि क्वांटच्या प्रश्नांचे प्रकार तेच आहेत. फक्त तिथले 20-20 प्रश्नांचे सेक्शन आजच्या वेळेला जुळत नाहीत. प्रश्न घ्या, घड्याळ आजचं लावा. निबंधांतला "आर्ग्युमेंट" प्रकार आता नाही, तो वगळा.

मॉकमध्ये 322, प्रत्यक्षात 314. असं का होतं?

चौकशी केली की बहुतेकदा मॉकच फुगलेली निघते. निबंध गाळलेला असतो, मध्ये उठून चहा झालेला असतो, एखादा प्रश्न आधी कुठे तरी पाहिलेला असतो. खरी परीक्षा निबंधाच्या 30 मिनिटांनी सुरू होते, एकूण 1 तास 58 मिनिटं चालते आणि मध्ये ठरलेली सुट्टी नाही. व्हर्बल-क्वांटला तुम्ही आधीच थोडे दमून पोचता.

घरून देणार असाल तर कागद-पेन मिळत नाही. लहान व्हाइटबोर्ड, किंवा पारदर्शक कव्हरमधला एकच कागद आणि पुसता येणारा मार्कर. ज्यांनी सहा महिने वहीत बारीक अक्षरात रफ केलंय, त्यांचे हात तिथे अडखळतात. मॉकही त्यावरच द्या.

निबंध 6 पैकी 3.5 वर अडकलाय.

भाषा नटवू नका. एक बाजू घ्या, ती कुठे लागू पडत नाही ते एका परिच्छेदात प्रामाणिकपणे मान्य करा, आणि तीन तोंडओळखीच्या उदाहरणांऐवजी एक उदाहरण शेवटापर्यंत न्या. विषयांचा पूर्ण संच ईटीएसच्या संकेतस्थळावर खुला आहे. त्यातल्या विषयांवर नुसते दहा मिनिटांचे आराखडे केले तरी फरक पडतो.

पुन्हा कधी द्यावी?

नियम सांगतो 21 दिवसांनी, आणि कुठल्याही 12 महिन्यांत जास्तीत जास्त 5 वेळा. स्कोअर रद्द केला तरी तो प्रयत्न मोजला जातो. स्कोअरसिलेक्टमुळे कुठल्या तारखेचा निकाल पाठवायचा ते तुम्ही ठरवता, पण एका तारखेचं क्वांट आणि दुसऱ्या तारखेचं व्हर्बल असं जोडून पाठवता येत नाही.

नियम 21 दिवस म्हणतो म्हणून बाविसाव्या दिवशी बसायचं नसतं. आधीच्या परीक्षेनंतर अभ्यासात काय बदललं हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल, तर निकाल बहुधा येरे माझ्या मागल्या. पुन्हा देण्याआधी हेही तपासा की अडकलेला आकडा तुमच्या अभ्यासक्रमाला खरंच अपुरा आहे का. 165 व्हर्बलमध्ये फार वरचा परसेंटाइल देतो, तोच आकडा क्वांटमध्ये बराच खाली राहतो. इंजिनिअरिंगच्या अर्जासाठी व्हर्बलचे शेवटचे दोन गुण ओढत बसणारे मी पाहिलेत. तो वेळ अर्जाच्या निबंधाला दिला असता तर बरं झालं असतं.

परीक्षेला दहाच दिवस उरलेत. आता काय?

नवा धडा उघडू नका. आजच शेवटची अधिकृत मॉक द्या, पुढचे दोन दिवस तिची चिरफाड करा. मग रोज व्हर्बल आणि क्वांटचा एकेक मिसळलेला सेक्शन, परीक्षेच्याच वेळेला, सकाळची असेल तर सकाळी. संध्याकाळी चुकांची वही, त्यातही फक्त आज्ञांच्या ओळी. शेवटचे तीन दिवस मॉक नको, खराब गेली तर दुरुस्तीला वेळ नसतो. आदल्या दिवशी वहीतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या पाच ओळी एका कागदावर काढा आणि वही मिटा.